इंजिन नसलेल्या विमानाला वेगाची भीती का? लांब पंखांच्या ग्लायडरचं अवघड गणित

एप्रिल-मे महिन्यात यवतमाळचा पारा 44-45 अंशांवर जातो. कापूस निघून गेलेली काळी शेतं उघडी पडून तापतात, त्यांच्यावरची हवा गरम होऊन वर जाते आणि त्या हवेवर स्वार होऊन घारी पंख न हलवता गोल गोल वर चढतात. ग्लायडर नेमकं हेच करतं. त्याला इंजिन नसतं. विंच नावाच्या यंत्राने दोर खेचून किंवा दुसऱ्या विमानाला बांधून त्याला वर सोडतात आणि पुढचा सगळा प्रवास वर चढणाऱ्या गरम हवेच्या, म्हणजे थर्मलच्या जिवावर होतो.

महाराष्ट्रात ग्लायडर म्हटलं की पुण्यातलं हडपसर आठवतं. तिथलं ग्लायडिंग सेंटर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं म्हणजे डीजीसीएचं आहे. भारताने स्वतःची ग्लायडरही बनवली आहेत. अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर्ष, आर्द्रा ही त्यांची नावं. पंचांग बघणाऱ्याच्या लगेच लक्षात येईल की नक्षत्रांचा क्रमही जवळपास तोच ठेवला आहे.

इंजिन नाही, आवाज नाही, तेव्हा हे एक हळू तरंगणारं खेळणं असावं, असा बहुतेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. आधुनिक ग्लायडर ताशी 250 किलोमीटरच्या पुढे सहज जातं आणि त्याचे पंख जितके लांब, तितकं त्या वेगात त्याला आवरणं नाजूक होत जातं.

पंख इतके लांब कशासाठी?

पंखाच्या टोकाशी खालच्या बाजूची जास्त दाबाची हवा वरच्या बाजूला वळसा घालून जाते. त्यात शक्ती वाया जाते आणि विमानाला मागे ओढणारा विरोध तयार होतो. पंख लांब आणि अरुंद असेल तर हा तोटा कमी होतो. शिकण्यासाठी जगभर वापरलं जाणारं एएसके-21 हे दोन आसनी ग्लायडर घ्या. त्याच्या पंखांचा विस्तार 17 मीटर आहे आणि एक किलोमीटर उंची खर्च करून ते शांत हवेत साधारण 34 किलोमीटर पुढे जातं. यवतमाळवर एक किलोमीटर उंचीवरून सोडलं तर ते दारव्ह्याच्या थोडं अलीकडे जमिनीला टेकेल. निंबस-4 या जर्मन ग्लायडरच्या पंखांचा विस्तार 26 मीटरच्या वर आहे. तेच एक किलोमीटर त्याला साधारण 60 किलोमीटर पुरतं, म्हणजे ते जवळपास वर्ध्यापर्यंत पोहोचेल.

हा फायदा फुकट मिळत नाही. खांद्यावर कावड घेऊन चालणारा माणूस आठवा. दांडी जितकी लांब, तितकी ती वाकते आणि पावलागणिक झुलते. ग्लायडर ही उलटी कावड आहे. मधल्या धडाचं वजन खाली ओढतं आणि दोन्हीकडचे पंख वर उचलतात. उचल तीच राहिली तरी दांडी लांब झाल्यावर मुळाशी येणारा वाकवण्याचा ताण वाढतो. रील्समध्ये ग्लायडरचे पंख धनुष्यासारखे वर वाकलेले दिसतात तेव्हा खाली ‘आता तुटणार’ अशा कमेंट पडतात. तेवढं वाकणं ठरवूनच ठेवलेलं असतं आणि फायबरचा पंख ते सहन करतो. खरा धोका त्यापुढे सुरू होतो.

घार पंख मिटते, ग्लायडरला ते जमत नाही

घार झेप घेताना पंख अंगाशी ओढून घेते. वेग वाढला की पंख लहान, हा तिचा उपाय. पंखांवरचा ताण ती अशा रीतीने आपोआप कमी करते. ग्लायडरचे 26 मीटर पंख मात्र ताशी 80 किलोमीटर वेगालाही तेवढेच आणि 280 लाही तेवढेच. फ्लॅप वापरून पंखाचा आकार थोडाफार बदलता येतो, लांबी बदलत नाही.

म्हणून प्रत्येक ग्लायडरच्या वेगदर्शकावर रंग असतात. हिरव्या पट्ट्यात नेहमीचं उड्डाण. पिवळ्या पट्ट्यात फक्त शांत हवेत आणि हलक्या हाताने. शेवटी लाल रेघ, जी कधीच ओलांडायची नाही. एएसके-21 साठी ही रेघ ताशी 280 किलोमीटरवर आहे, निंबस-4 साठी 285 वर. पंख दहा मीटरने लांब झाले तरी लाल रेघ जवळपास तिथेच राहिली आहे. मात्र तिथपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ आणि तिथे गेल्यावर उरलेली सवलत, दोन्ही कमी झाले आहेत.

लाल रेघेआधी आणखी एक वेग असतो आणि तो नवख्याला कमी माहीत असतो. या वेगाखाली स्टिक पूर्ण ओढली तर पंखावरची हवा आधी सुटते, म्हणजे ग्लायडर स्टॉल होतं आणि पंख वाचतो. त्या वेगाच्या वर मात्र स्टॉल होण्याआधी पंख मोडू शकतो. गणित सोपं आहे. पंख जास्तीत जास्त किती उचल देऊ शकेल हे वेगाच्या वर्गावर अवलंबून असतं. एखादं ग्लायडर ताशी 75 किलोमीटरला स्टॉल होत असेल, तर 150 ला ते वजनाच्या चौपट उचल निर्माण करू शकतं, 225 ला नऊपट आणि 285 ला चौदापटीहून अधिक. युरोपच्या नियमांनुसार साध्या ग्लायडरची रचना या मधल्या वेगाला 5.3 पट आणि सर्वाधिक वेगाला फक्त 4 पट भार धरून होते. त्यावर दीडपट सुरक्षितता ठेवलेली असते. म्हणजे लाल रेघेपाशी पायलटच्या मनगटात पंख मोडण्याइतकी ताकद असते. म्हणूनच मधल्या वेगापर्यंत स्टिक आणि पेडल पूर्ण हलवायला परवानगी असते, तर लाल रेघेपाशी जेमतेम एक तृतीयांश.

सगळं बिघडतं ते वळणावर

लांब पंखांची एक खोड थर्मलमध्ये गोल फिरताना दिसते. 26 मीटर पंखांचं ग्लायडर ताशी 90 किलोमीटर वेगाने 45 अंश कललेलं फिरतंय असं समजा. वळणाची त्रिज्या सुमारे 64 मीटर येते. आतल्या पंखाचं टोक लहान वर्तुळात फिरतं, त्याचा वेग होतो सुमारे 77. बाहेरच्या टोकाचा वेग सुमारे 103. एकाच विमानाची दोन टोकं, आणि हवेच्या लेखी दोघांच्या वेगात 26 किलोमीटरचा फरक. त्यामुळे बाहेरचा पंख जास्त उचल घेतो आणि ग्लायडर आणखी आत कलायला बघतं. आतला पंख त्याच वेळी स्टॉलच्या जवळ असतो.

पायलट बेसावध राहिला तर यातून दोन गोष्टी घडू शकतात. आतला पंख स्टॉल होऊन ग्लायडर गिरक्या घेत खाली येतं, याला स्पिन म्हणतात. किंवा कल वाढत जाऊन नाक खाली पडतं आणि ते मळसूत्रासारखं वेगाने खाली जाऊ लागतं, हा स्पायरल डाइव्ह. स्पिनमध्ये वेग फार वाढत नाही, स्पायरलमध्ये सेकंदागणिक वाढतो. दोन्हीतून बाहेर पडायची रीत वेगळी, आणि लांब पंखांचं ग्लायडर पहिल्यातून दुसऱ्यात कधी सरकलं हे आत बसलेल्याला पटकन कळत नाही.

वेग किती झपाट्याने वाढतो? नाक 45 अंश खाली असेल तर गुरुत्वाकर्षणामुळे दर सेकंदाला ताशी सुमारे 25 किलोमीटर वेग चढतो. साध्या विमानात हवेचा विरोध तो बऱ्यापैकी रोखतो. ग्लायडर मात्र विरोध कमीत कमी व्हावा म्हणूनच घासून-पुसून गुळगुळीत केलेलं असतं. जो गुण त्याला वर्ध्यापर्यंत नेतो, तोच इथे उलटतो. ताशी 120 वरून 285 गाठायला सात-आठ सेकंद पुरतात. त्यात लांब पंखांना आडवं फिरवणंही वेळखाऊ असतं. एवढ्या दूरवर पसरलेलं वजन हलवायचं म्हणजे बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टरची ट्रॉली मागे वळवण्यासारखं आहे. कल सरळ करायला लागणारे चार-पाच सेकंद त्या सात-आठमधूनच जातात.

अशा वेळी घाबरलेला हात एकाच वेळी तीन गोष्टी करतो. स्टिक मागे ओढतो, तिरकी दाबतो आणि एअरब्रेक उघडतो. एकेकटी करण्यासारखी असलेली ही प्रत्येक गोष्ट एकत्र आली की पंखाच्या जिवावर उठते. स्टिक मागे ओढल्याने दोन्ही पंख आधीच वाकलेले असतात. एलेरॉन खाली गेलेल्या पंखाच्या टोकाशी त्यात आणखी उचल येते आणि तो पंख पिळलाही जातो. एअरब्रेक उघडला की पंखाच्या मधल्या भागातली उचल जाते, ती भरून काढायला टोकाकडच्या भागावर जास्त बोजा येतो आणि पंख टोकाकडून जास्त वाकतो. म्हणूनच नियमात एअरब्रेक उघडे असताना भाराची मर्यादा 3.5 पटीपर्यंत खाली येते. एअरब्रेक वेग वाढण्याआधी उघडला तर जीव वाचवतो, लाल रेघेपाशी झटक्याने उघडला तर घातही करू शकतो. ही एक गोष्ट शिकवताना सर्वांत जास्त वेळ दिला पाहिजे.

बरोबर क्रम असा: आधी मागे ओढणं सैल करायचं, मग कल सरळ करायचा, आणि पंख समतल झाल्यावर हळूहळू नाक वर आणायचं. जमीन समोर दिसत असताना हात सैल सोडणं माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे. त्यामुळे हे वाचून येत नाही, प्रशिक्षकासोबत पुन्हा पुन्हा करूनच अंगवळणी पडतं.

मिंडेन, 13 जुलै 1999

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातलं मिंडेन हे ग्लायडिंगसाठी प्रसिद्ध गाव. तिथे 13 जुलै 1999 रोजी निंबस-4डीएम हे साडेसव्वीस मीटर पंखांचं दोन आसनी ग्लायडर हवेतच मोडलं आणि आतले दोघंही मृत्युमुखी पडले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने तपासाअंती जो निष्कर्ष काढला तो वर सांगितलेल्या साखळीशी जुळतो. ग्लायडर नकळत स्पिनमध्ये किंवा स्पायरलमध्ये गेलं, त्यातून सावरताना वेग परवानगीच्या पुढे गेला आणि एलेव्हेटरचा अति वापर झाला. पंखांवर आलेला भार त्यांच्या अंतिम क्षमतेहून जास्त होता. पंख कमकुवत होते म्हणून तुटले, असं मंडळाने म्हटलेलं नाही. जेवढं सोसायचं म्हणून ते बनवले होते, त्याच्या पलीकडे त्यांना नेलं गेलं.

फ्लटर: पंख स्वतःच झोका घेतो तेव्हा

दुसरा धोका पायलटने काहीच चुकीचं ओढलं नाही तरी येतो. झोक्यावर बसलेल्या मुलाला योग्य वेळी हलका धक्का देत राहिलं तर झोका उंच उंच जातो. पंखालाही स्वतःचा एक झोका असतो. तो वर-खाली वाकतो आणि पिळतोही. ठरावीक वेगानंतर हवा या दोन हालचालींना बरोबर वेळेवर धक्के देऊ लागते. मग पंख हवेतून शक्ती घेत फडफडू लागतो आणि काही सेकंदांत तुटू शकतो. लांब पंखाचा झोका संथ असतो, त्यामुळे तो हवेच्या तालात लवकर सापडतो.

एलेरॉन यात तेल ओततो. त्याचं वजन बिजागरीच्या मागे जास्त असेल तर पंख वर जाताना तो मागे रेंगाळतो आणि पंखाला आणखी वर ढकलतो. म्हणून बिजागरीच्या पुढे शिसं लावून तोल साधतात. एलेरॉनवर रंगाचा एक जादा थर दिला तरी हा तोल बिघडू शकतो. दुरुस्तीनंतर किंवा रंगानंतर तो पुन्हा तोलून बघावा लागतो. दांड्यांच्या सांध्यांमधला मिलिमीटरभर ढिलेपणाही त्याच कारणाने धोक्याचा. ग्लायडर ट्रेलरमधून आणून मैदानावर जोडतात, पंखातल्या दांड्या धडातल्या दांड्यांना त्याच वेळी जोडल्या जातात. जोडल्यावर एकाने स्टिक धरायची आणि दुसऱ्याने बाहेरून एलेरॉन, एलेव्हेटर हाताने दाबून बघायचं, ही तपासणी प्रत्येक वेळी होते. एखादा सांधा जोडायचाच राहून गेला आणि विमान उडालं, असे अपघात जगात झालेले आहेत.

फ्लटरचा एक छुपा भाग उंचीशी जोडलेला आहे आणि इथे यवतमाळचं ऊन पुन्हा कामाला येतं. वेगदर्शक हवेचा दाब मोजतो. हवा विरळ असली की तो खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. पंखावरचा भार दर्शकावरच्या वेगाशी जुळतो, फ्लटरचा संबंध मात्र बराचसा खऱ्या वेगाशी असतो. यवतमाळ समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे. तिथे 45 अंश तापमान असेल तर जमिनीलगतची हवा एरवी सुमारे 1,650 मीटर उंचीवर असते तितकी विरळ होते. दर्शक 200 दाखवत असताना ग्लायडर खरं तर ताशी 217 च्या आसपास जात असतं, आणि तेही धावपट्टीच्या उंचीवर. थर्मलने आणखी दोन-तीन किलोमीटर वर नेलं की फरक वाढतच जातो. म्हणून अनेक ग्लायडरच्या कॉकपिटमध्ये उंचीनुसार लाल रेघ किती खाली आणायची याचा छोटा तक्ता चिकटवलेला असतो.

तापलेल्या हवेचा आणखी एक त्रास आहे. थर्मलमध्ये शिरताना बसणारा हिसका वेगाच्या प्रमाणात वाढतो, वेग दुप्पट तर हिसकाही दुप्पट. दोन थर्मलमधलं अंतर कापताना पायलट वेग वाढवतो आणि पुढचा जोरदार थर्मल नेमका त्या वेगातच आदळतो. पायलटचं शरीर हिसक्याने हलतं, स्टिकवरचा हात त्यासोबत हलतो आणि वेगात हलकी झालेली एलेव्हेटर लगेच प्रतिसाद देते. नाक वर, मग खाली, पुन्हा वर, असा झोका पायलट स्वतःच वाढवत नेऊ शकतो. अनुभवी पायलट कोपर मांडीवर टेकवून ठेवतात, पट्टे आवळून बसतात. उपाय साधा असला तरी तो खराच उपयोगी पडतो.

पायलट नसेल तर प्रश्न सुटतो?

नासाचं हेलिओस हे सौर ऊर्जेवर चालणारं मानवरहित विमान म्हणजे जवळपास नुसता पंखच होता, 75 मीटर लांब. 26 जून 2003 रोजी हवाईतल्या कौआई बेटाजवळ ते अस्थिर हवेत शिरलं. पंखाची टोकं नेहमीपेक्षा जास्त वर उचलली गेली आणि तशीच राहिली. त्या वाकलेल्या आकारात त्याचं नाक वर-खाली झुलू लागलं, झोका वाढत गेला, वेग मर्यादेबाहेर गेला आणि पंखाचे भाग उडून ते समुद्रात पडलं.

फेसबुकने दुर्गम भागात इंटरनेट पोहोचवण्यासाठी अक्विला नावाचं असंच एक विमान बनवलं होतं, पंखांचा विस्तार बोईंग 737 पेक्षाही जास्त. 28 जून 2016 रोजी अ‍ॅरिझोनातल्या युमामध्ये ते पहिल्यांदा उडालं. दीड तासाहून अधिक काळ सगळं छान चाललं. उतरताना वाऱ्याच्या झोताने त्याचा वेग ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला, संगणकाने त्याला मार्गावर आणायची धडपड केली आणि उजव्या पंखाचा बाहेरचा भाग मोडला. ते फार हळू उडणारं विमान होतं. लाल रेघ ज्याच्या त्याच्या पंखाप्रमाणे ठरते, हे त्यावरून दिसतं. 2018 मध्ये कंपनीने स्वतः विमान बनवायचं थांबवलं.

लाल रेघ किती पुढे ढकलता येते?

यावर सर्वांत टोकाचं उत्तर पर्लान-2 ने दिलं. पंखांचा विस्तार साडेपंचवीस मीटर. 2 सप्टेंबर 2018 रोजी जिम पेन आणि टिम गार्डनर हे पायलट अर्जेंटिनात अँडीज पर्वतावरून येणाऱ्या हवेच्या लाटांवर स्वार होऊन इंजिनाशिवाय 76,124 फुटांवर, म्हणजे 23 किलोमीटरच्या वर गेले. तिथली हवा इतकी विरळ की दर्शकावरच्या वेगापेक्षा खरा वेग चौपटीहून जास्त असतो. एका बाजूला स्टॉल, दुसऱ्या बाजूला फ्लटर, आणि दोघांमधली वाट वर जाताना निमुळती होत जाते. त्यामुळे ही टीम एका उड्डाणात वर गेली नाही. थोड्या थोड्या उंचीवर जाऊन पंख मुद्दाम हलवायचा, त्याची थरथर किती वेळात शमते ते मोजायचं, आकडे बघायचे आणि मगच पुढची पायरी, असं ते चढत गेले. थरथर लवकर शमत असेल तर अजून जागा आहे. शमायला वेळ लागू लागला, की त्या दिवशी वर जाणं तिथेच थांबायचं.